कागद खालून वाचायचा

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन वाईट आहे. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला कधी उमगलं नाही, आणि मास्तर छडी दाखवायचे तेव्हा तर मुळीच नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथी झाल्यावर पाटी सुटली ती सुटलीच. नंतर वाण्याच्या याद्या आणि माहेरची पत्रं, एवढंच माझं लिहिणं. ही वही कुणाच्या हाती पडू नये अशी माझी इच्छा आहे. पडलीच तर चुका पोटात घालाव्यात. नातीच्या जुन्या वहीत मागं पंधरावीस पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे.

लिहायला कारण ही नातच झाली. गारखेड्याच्या आमच्या घरात ती कालपासून खिडकीशी बसून इतिहास पाठ करते आहे. डोळे मिटून, मान हलवत, एकच ओळ आठआठदा. मी न राहवून विचारलं, "हे कुणी लिहून ठेवलं गं?" ती म्हणाली, "आजी, मधे बोलू नको ना. पुस्तकात आहे."

अगदी हेच उत्तर मी निजामाच्या राज्यात माझ्या नणंदेकडून ऐकलं होतं. तेव्हा जसा संताप आला होता तसाच काल आला, आणि तेव्हासारखीच मी गप्प बसले. माझं असंच आहे. चारचौघांत काय, एका माणसापुढंही माझ्या तोंडून शब्द वेळेवर फुटत नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सगळं बोलणं सुचतं. म्हणून आता लिहूनच काढते.

लग्न होऊन मी औरंगाबादेत आले तेव्हा घरात तिघंच माणसं होतो. हे, ह्यांची धाकटी बहीण आणि मी. सासूसासरे आधीच गेले होते. हे कापडाच्या एका पेढीवर कारकून होते. नणंद मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती, पडदा लावलेल्या टांग्यातून शाळेत जायची. आमच्या गल्लीत एवढी शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. ती सोळाची, मी एकोणीसची. पण धाकटी असली तरी नणंद म्हणजे वन्सं, तिला अहोजाहो करायचं. आता "वन्सं, आपलं जरा चुकतंय" असं म्हणून कुणाची चूक सुधारली आहे का?

शाळेत सगळं उर्दूतून चालायचं. उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात. ह्या एका शब्दानं आमच्या घरात घात केला. मराठी माणसाच्या कानाला तारीख म्हणजे तारीख. हे म्हणायचे, "तारखांचा तर विषय आहे. तारखा पाठ केल्या की झालं." वन्संना उर्दू चांगलं येत होतं, तरी त्यांचीही समजूत तीच. संध्याकाळी त्या माडीवर येरझाऱ्या घालत. सन, बादशहा, लढाई. सन, बादशहा, लढाई. खाली मी भाकरी थापायचे, आणि दोन महिन्यांत निम्मं मलाही पाठ झालं. एक मात्र कळेना, की ही लढाई झाली म्हणून ती झाली, की नुसतीच एकीमागून एक झाली. विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एवढं खोलात कोण विचारतंय?"

मला विचारायची खोड होती ती माहेरची. माझे वडील देवगाव रंगारीचे. गावात ओट्यावर आणि बाजाराच्या दिवशी कन्नडला तहसील कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याजवळ शाईची दौत धरून बसायची. कुणी जुना कागद घेऊन आला की ते तो माझ्या हातात देत. मी वरून वाचायला लागले की कागदावर तळवा ठेवत.

"खालून वाच, बाई. वरचं समदं मागून. आधी सही कुणाची, अंगठा कुणाचा, साल कोणतं घातलंय ते बघ."

मग विचारत, "ह्यो कागद लिहून कुणाचं काय साधलं?" मी काहीतरी सांगायची. मग, "दुसऱ्याकडचा कागद कुठंय?" दुसऱ्याकडचा कागद पाहिल्याशिवाय ते अर्जाला शाई लावत नसत. त्यावरून गिऱ्हाइकं वैतागत. एकदा एकानं बांधाच्या भांडणाचा कागद आणला. वडिलांनी खालची सही बघितली, साल बघितलं आणि म्हणाले, "तुमचा साक्षीदार लई भला माणूस दिसतो. मरून दोन वर्सं झाल्यावर येऊन सही करून गेला." तो माणूस कागद उचलून चालता झाला. मी आठनऊ वर्षांची होते. ह्याला काही विद्या म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सगळेच कागद असे वाचतात.

एका संध्याकाळी वन्सं चुलीपाशी उभ्या राहून म्हणत होत्या, की दिल्लीच्या बादशहानं राजधानी दौलताबादेला आणली आणि लोकांना नेसत्या वस्त्रांनिशी इकडं चालवलं. दौलताबाद आमच्या घरापासून टांग्यानं जाण्याएवढं. वन्सं लहानपणी तिथल्या किल्ल्यावर फराळाचे डबे घेऊन गेलेल्या. मी म्हटलं, "वन्सं, एवढी माणसं आली तर त्यांना पाणी कुठलं पुरलं असेल? तिथं टाकी पाहिलीत का आपण?"

"वहिनी, टाकी परीक्षेत येत नाही."

"आणि हे लिहिणारा तेव्हा तिथं होता का?"

"पुस्तकात आहे!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की पानावर बसलेले हे जेवायचे थांबले.

मी पीठ मळत राहिले. इतका राग आला होता की त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या कडेला फाटल्या.

वन्सं इतिहासात नापास झाल्या. बाकी सगळ्या विषयांत पास. निकालानंतर त्यांनी पाच दिवस वेणी घातली नाही. मी प्रश्नांचा कागद मागून घेतला आणि म्हटलं, काय काय लिहिलंत ते सांगा. एका प्रश्नात एक राज्य का बुडालं ते विचारलं होतं. वन्संनी त्या घराण्यातल्या सगळ्या राजांची नावं सनांसकट लिहून दिली होती. का बुडालं, तर शेवटचा राजा मेला म्हणून! आणि सन तरी बरोबर असावेत? आमच्याकडं तेव्हा सरकारी कामात फसली साल चाले. मुसलमानांच्या घरी हिजरी, इंग्रजीत इसवी. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की साधारण इसवी येतं, हे मला वडिलांच्या अर्जांमुळं ठाऊक होतं. वन्संनी ती युक्ती कुणाकडून तरी ऐकली होती, आणि दिसेल त्या सनात पाचशे नव्वद मिळवत गेल्या होत्या. हिजरीतही मिळवले. जे साल आधीच इसवी होतं त्यातही मिळवले. मी बोटांवर मोजून पाहिलं. एका बादशहाला जन्माला यायला अजून तीनशे वर्षं अवकाश होता.

मला हसू आलं. वन्संनाही आलं, आणि मग त्या रडल्या.

ह्यांनी मात्र सांगून टाकलं, "झालं तेवढं शिक्षण पुरे. दुसऱ्यांदा फी भरायला माझ्याकडं पैसे नाहीत. ह्या वैशाखात स्थळ बघू." वन्संना शिक्षिका व्हायचं होतं. शाळेत मराठी मुलींसाठी बाई हव्यात, पण मॅट्रिक पास हवी, असं त्यांना शाळेत सांगितलं होतं. सगळं ह्या एका विषयावर येऊन अडलं होतं.

आमच्या परसातल्या भिंतीत एक लहान दार होतं, बायकांच्या येण्याजाण्यापुरतं. पलीकडं आपा राहायच्या. त्यांचे मालक छावणीत दर्जी होते, तिथल्या पलटणीचे कपडे शिवायचे. आपा माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. मला दुल्हन म्हणायच्या. त्या घरात पाय ठेवला की मला बोलता यायचं, का ते माहीत नाही. कदाचित मराठीत नसून मोडक्यातोडक्या हिंदीत बोलावं लागे म्हणून असेल. चुकलं तरी भाषेवर घालता येई.

त्या दिवशी मी गेले आणि बोलायच्या आधीच डोळे भरून आले.

"रोती कायकू, दुल्हन? मियाँ कुछ बोले क्या?"

मी सांगितलं.

"बस, इत्ताच? कित्ते होना?"

मी म्हटलं चाळीस. त्यांनी आत जाऊन चाळीस रुपये आणले आणि माझ्या पदरात मोजले. मी चिठ्ठी लिहून देते म्हटल्यावर त्या हसल्या. "नक्को गे, कागज-विगज नक्को. तू कहाँ भागती?" पण मी अर्ज लिहिणाऱ्याची मुलगी. मी हट्टानं लिहिलं: आपांकडून रुपये चाळीस घेतले, नणंदेच्या परीक्षेसाठी, परत करीन. खाली सही, साल. साल लिहायला विसरले नाही ह्याचा मला अभिमानही वाटला.

आणि तिथंच मी चुकले. जुन्या राज्यात आमच्याकडं दोन तऱ्हेचे रुपये होते. एक निजाम सरकारचा हाली, त्यावर चारमिनार. दुसरा इंग्रजांचा कलदार, त्यावर राजाचं तोंड. छावणीत कलदार चालायचा, गावात हाली. सहा कलदारांना सात हाली मिळत. आमच्या घरात रुपया म्हटलं की हाली. आपांच्या घरात रुपया म्हटलं की कलदार. आपांनी दिले ते कलदार होते, मी डोळ्यांनी पाहिले होते. शाळेत फी हालीत भरायची म्हणून आपांनीच ते परत घेऊन दुसऱ्या दिवशी सराफाकडून मोडून आणले, शेहेचाळीस हाली आणि वर काही आणे. पण चिठ्ठीत मी नुसतं "रुपये" लिहिलं होतं.

वन्संची फी भरली. दोन पुस्तकं आली. एक उस्तानीबाई चार महिने घरी येऊन शिकवायच्या ठरल्या. त्यांना बघून ह्यांनी मला विचारलं, "पैसे कुणी दिले?" मला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायलाही तोंडात शब्द असावे लागतात. मी सांगितलं.

"शेजारणीपुढं हात पसरलास? मला विचारायचं तरी!"

"आपण नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं!"

पण माणूस मानी. पुढच्या पगाराला चाळीस हाली रुपये रुमालात बांधून त्यांनी वन्संच्या हाती दिले. मी चुलीपाशी होते. वन्सं परसातल्या दारातून गेल्या, आल्या, आणि चिठ्ठी परत आणली. मी विचारलं, "किती दिलेत?"

"चाळीस."

"हाली?"

"हो. मग काय?"

मी ह्यांच्याकडं गेले. म्हटलं, "ते कलदार होते. अजून सहा रुपयांवर द्यायचे राहिलेत."

ह्यांनी चिठ्ठी उलगडली. "कुठं लिहिलंय कलदार?"

"लिहिलं नाही."

"मग?"

"पण होते."

"शेजारीण काही म्हणाली का?"

वन्सं म्हणाल्या, "नाही. बस, हो गया, एवढंच म्हणाल्या."

"झालं तर मग. लिहिलेलं आहे त्याप्रमाणं दिलं. कागदाबाहेरचे पैसे मी देत नसतो."

त्या दिवसापासून आपा परसातल्या दारातून येईनाशा झाल्या. भांडल्या नाहीत, बोलणं तोडलं नाही. ईदचा शीरखुर्मा आला, आमचे तिळगूळ गेले, पण दुसऱ्या कुणाच्या हातानं. मी दोनदा तिकडं गेले, सांगायचं ठरवून. एकदा दारात उभी राहिले आणि आपांनी वर बघितलं तर माझ्या तोंडून निघालं, "आपा, थोडा नमक है क्या?" मीठ घेऊन परत आले. घरात मिठाची बरणी भरलेली. दुसऱ्यांदा हळद. स्वतःचा इतका राग आला की ती हळद मी आठ दिवस वापरली नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वन्संचं वागणं. एकदा दुपारी त्या पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि मी म्हटलं, "वन्सं, आपल्याला तरी पटतंय ना, ते कलदार होते?"

पुस्तकातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "वहिनी, चिठ्ठीत चाळीस होते. चाळीस दिले. आता कशाला?"

माझं डोकं फिरलं. सगळ्या आयुष्यात तीनचार वेळाच फिरलं असेल, त्यांतली ही एक. मी त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि ती चिठ्ठी त्यांच्यापुढं आपटली.

"म्हणूनच नापास झालात," मी म्हटलं. "खालून वाचा."

"काय?"

"खालून! सही कुणाची?"

त्या घाबरल्या. "तुमची."

"मी कशी आहे? सगळं पुरतं लिहिते का? बोलते का?"

"नाही."

"लिहिताना मी कुठं बसले होते?"

"आपांकडं."

"आपांच्या घरात पैसा कुठून येतो?"

"छावणीतून."

"छावणीत काय चालतं?"

त्यांनी चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ धरली. मी म्हटलं, "आता दुसरा कागद शोधा. एका कागदावर निकाल लावायचा नाही. घरात आणखी कुठं ह्या पैशांबद्दल लिहिलेलं आहे?"

त्यांनी उठून आपली वही आणली. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनीच उर्दूत टिपून ठेवलं होतं: परीक्षेची फी इतकी, पुस्तकं इतकी, उस्तानीबाईंचे चार महिन्यांचे इतके. मला ते वाचता येत नव्हतं. त्या बोटानं एकेक आकडा मिळवत गेल्या. शेवटी बोट थांबलं.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

"आपांनी दिले किती?"

"चाळीस."

"दादांनी काही घातले होते का त्यात?"

"नाही."

"मग चाळिसातून शेहेचाळीस कसे खर्चले आपण, वन्सं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा फारदा पाहिलेलं नाही, आणि माझ्या नातीच्या तोंडावर अजून एकदाही पाहिलेलं नाही. कुणी सांगितलं म्हणून पटलेल्या माणसाचं तोंड वेगळं असतं. हे स्वतः जाऊन धडकल्याचं होतं.

त्या ती वही आणि चिठ्ठी घेऊन ह्यांच्याकडं गेल्या. ह्यांनी दोन्ही पाहिलं, आकडे स्वतः मिळवले, आणि म्हणाले, "असेल. पण ती मागत नाही आणि कागदात नाही. मी आता देणार नाही. तू शिकलीस त्याचे पैसे आहेत, तुला नोकरी लागली तर तू दे." मग आत जाता जाता म्हणाले, "आणि तारखेत पुन्हा गचकलीस तर नोकरीचं नावही काढायचं नाही."

म्हणजे आपांचे राहिलेले पैसेही त्या एका पेपरवर जाऊन बसले.

ह्यानंतर वन्सं एकदम शहाण्या झाल्या असं नाही. कथेत तसं होतं. माडीवरच्या येरझाऱ्या चालूच होत्या. पण मधेच थांबून त्या खाली यायच्या. "वहिनी, ह्या पुस्तकात लिहिलंय की त्या सुभेदाराच्या कारभारात प्रजा फार सुखी होती. हे कुणी लिहिलं असेल?" मी म्हणायची, "पुस्तकात काही सांगितलंय का?" त्या शोधायच्या. "त्याच्याच दरबारचा मुन्शी." आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो. मग त्या म्हणायच्या, "आणि प्रजेनं काही लिहिलंच नसेल." ते हसण्यासारखं नव्हतं.

सनांचं तेवढं मी जबरदस्तीनं करून घेतलं. एका कागदावर तीन खण आखले, फसली, हिजरी, इसवी. आधी कुठल्या सनाचं साल आहे ते बघायचं, मग हात लावायचा. हिजरी चंद्रावर चालतं, ते तसं मिळवून निघत नाही. त्याला कोष्टक लागतं, ते उस्तानीबाईंकडून मागून आणायचं. पैठण, दौलताबाद, औरंगाबाद एका कागदावर काढायला सांगितलं तर त्यांनी पैठण उत्तरेला काढलं. पैठणला त्या दोनदा जाऊन आलेल्या! मी विचारलं, "सकाळी निघालो तेव्हा ऊन कुठल्या हाताला होतं?" आठवेना. मग मी सांगितलं, नदी आधी काढा आणि गावं मग ठेवा.

उस्तानीबाई मात्र कावल्या. वन्सं त्यांनाही विचारायला लागल्या, हे कुणी लिहिलं, ह्याला दुसरा पुरावा कुठला. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर त्या म्हणत होत्या, "बीबी, इम्तिहान देना है या मुन्सफी करनी है? जो लिखा है वो लिखो!" वन्संनी मान खाली घातली आणि माझ्याकडं चोरून पाहिलं. मी बशीतला चहा सांडला.

मला भीतीही वाटायला लागली. समजा पेपर तपासणाऱ्याला पुस्तकातलंच हवं असलं तर? मी चौथी शिकलेली बाई, मी हिच्या डोक्यात हे भरवून हिचं नुकसान तर करत नाही? ह्यांना विचारायची सोय नव्हती. आपांना विचारलं असतं, पण तिकडं मी मीठ मागत होते.

पेपर झाला. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "कारण विचारलं होतं, मी कारणं लिहिली. एके ठिकाणी लिहिलं, की असं लिहिणारा त्या दरबारचा नोकर होता, म्हणून त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही."

"अगं बाई!" मी म्हटलं. अहोजाहो विसरले. "तसं कशाला लिहिलंस?"

"तुम्हीच तर म्हणाला होता."

निकाल लागेपर्यंत मला घास गोड लागला नाही. पास झाल्या, पण काठावर. बाकीच्या विषयांत भरपूर, इतिहासात काठावर. उस्तानीबाई म्हणाल्या, किताबातलं लिहिलं असतं तर आणखी पडले असते. असतीलही. ह्यांनी पेढे आणले आणि गल्लीत सांगत सुटले, की माझी बहीण तारखा पाठ करून पास झाली. मला आतून इतकं उकळलं, पण पेढे वाटत फिरले. ते शेवटपर्यंत तसंच सांगत राहिले. घरातला इतिहास असा लिहिला जातो, आणि लिहिणाऱ्याला कुणी सही विचारत नाही.

काही महिन्यांनी वन्संना शाळेत लहान मुलींच्या वर्गावर घेतलं. पहिला पगार हालीत झाला. त्यांनी तो ह्यांच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "दादा, आपांचे देऊ ना?" ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरून हूं केलं.

मग हिशेबाला बसल्या. चाळीस हाली दिले होते, त्यांचे कलदार झाले चौतीस आणि वर साडेचार आणे. राहिले पाच रुपये साडेअकरा आणे कलदार. त्यांनी टांगा करून सराफाकडून कलदारच आणले. मी म्हटलं, हालीत दिले असते तर चाललं असतं. त्या म्हणाल्या, "नाही. जे घेतलं तेच द्यायचं."

परसातल्या दारातून आम्ही दोघी गेलो. आपा गव्हात हात घालून निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता पुन्हा मीठच निघणार तोंडातून. पण वन्संनी पुढं होऊन पैसे सुपाच्या कडेवर ठेवले आणि सगळं सांगितलं, चिठ्ठी, वही, हाली, कलदार, सगळं. आपा ऐकत राहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "इत्ते दिनां से इसके वास्ते नमक माँग रही थी तू?"

मला रडू आलं.

"आपा, तुम बोले क्यों नहीं?" मी विचारलं.

"क्या बोलती? तू लिखने वाले की बेटी. तेरे कागज पे नै था. मैं समझी तू जान के नै लिखी." त्यांनी गव्हातला एक खडा काढून टाकला. "वोइच लगा मेरे कू. पैसे का क्या है."

एवढे महिने त्यांना असं वाटत होतं. मी जाणूनबुजून कलदार शब्द गाळला, असं. मी मीठ मागत होते, आणि त्या तसं समजून मीठ देत होत्या.

वन्सं म्हणाल्या, "आपा, मोजून घ्या."

"नक्को गे."

"नाही, मोजा. मोजल्याशिवाय आम्ही जाणार नाही."

आपांनी हातावरची गव्हाची धूळ झटकली. एकेक रुपया सुपातल्या मोकळ्या जागेत ठेवत गेल्या, पाच झाले. मग आणे, अकरा. मग दोन पैसे बोटानं सरकवून त्यांच्या शेजारी लावले आणि म्हणाल्या, "पूरे हैं." पैसे पुरे फिटले.